आईच्या गोळ्या बाबांना द्याव्यात का?

पत्र : बाबांच्या मेंदूत ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे झपाट्याने वाढणारी कर्करोगाची गाठ, निघाला. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, आता महिन्यातले पाच दिवस टेमोझोलोमाइड ही केमोची गोळी चालू आहे. सोबत सकाळ-संध्याकाळ डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, फिट येऊ नये म्हणून लेव्हेटिरासिटाम आणि उलटीची गोळी. बाबा रात्र रात्र जागे असतात, साध्या गोष्टीवरून अंगावर येतात आणि दिवसा भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. दादाने वाचलंय की नैराश्यावरचं एक औषध याच गाठीच्या पेशी मारतं, झुरिचच्या शास्त्रज्ञांनी शोधलंय. तो म्हणतो, औषध जुनं आणि स्वस्त आहे म्हणून कंपन्या ते दडपतात. आई सहा वर्षांपासून नैराश्यासाठी फ्लुऑक्सेटिन घेते. तिच्या स्ट्रिपमधून मी दहा गोळ्या काढून ठेवल्यात, अजून बाबांना दिलेल्या नाहीत. डॉक्टरांना विचारलं तर हसतील असं वाटतं. आईला इतक्या वर्षांत काही झालं नाही, मग बाबांना रोज एक दिली तर काय बिघडेल? आणि मावशी स्तनाच्या कर्करोगानंतर टॅमॉक्सिफेनवर आहे. तिलाही सांगू का?
– एक मुलगी

उत्तर :

आधी उत्तर देते, कारण पत्र पाठवून तुम्ही त्या दहा गोळ्यांकडे बघत बसला असाल. देऊ नका. आणि मावशीकडे तर या विषयावर चकार शब्द काढू नका. तिच्याबाबतीत कारण वेगळं आहे आणि जास्त गंभीर आहे, ते पुढे सांगते.

मी कर्करोगाच्या वॉर्डात मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करते. म्हणजे ज्या गोळ्यांबद्दल तुम्ही विचारताय त्या मी रोज लिहिते, आणि ज्यांच्यासाठी लिहिते त्यातल्या बऱ्याच जणांना तुमच्या बाबांसारखेच आजार असतात. त्यामुळे तुमचं पत्र वाचून हसू आलं नाही. असं पत्र मला तोंडी महिन्यातून एकदा तरी ऐकायला मिळतं, बहुतेक वेळा तपासणी संपल्यावर, दाराच्या कडीवर हात ठेवून.

दादाने वाचलं ते खोटं नाही. २०२४ मध्ये झुरिचच्या ईटीएच विद्यापीठातल्या आणि तिथल्या विद्यापीठ रुग्णालयातल्या संशोधकांनी ४० रुग्णांच्या ऑपरेशनमध्ये निघालेल्या ग्लायोब्लास्टोमाच्या ताज्या पेशी घेतल्या आणि त्यांच्यावर सुमारे १३० औषधं घालून पाहिली. काही कर्करोगाची, काही मेंदू आणि मनाच्या आजारांची. त्यात नैराश्यावरचं व्हॉर्टिऑक्सेटिन सगळ्यांत जोरकस ठरलं. मग उंदरांत पाहिलं, तिथेही उपयोग दिसला. काम चोख होतं, नेचर मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि बातमी जगभर गेली.

आता त्या बातमीत खाली कुठेतरी असलेल्या, किंवा नसलेल्या गोष्टी. एक तर ते व्हॉर्टिऑक्सेटिन होतं, आईचं फ्लुऑक्सेटिन नव्हे. दोन्ही नैराश्यावरच्या, म्हणून एकीचं काम दुसरी करेल असं नसतं. त्याच प्रयोगात नैराश्यावरची सगळीच औषधं काही चालली नाहीत. नैराश्यावर ती ज्या वाटेने काम करतात आणि गाठीच्या पेशीत जे घडवतात, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरं, त्या अभ्यासात एकाही माणसाला गाठीसाठी ती गोळी दिलेली नव्हती. आणि तिसरं, त्याच संशोधनातले मेंदूविकारतज्ज्ञ मिखाएल वेलर यांनी निष्कर्ष जाहीर होतानाच सांगितलं होतं की रुग्णांनी हे औषध आपल्या मनाने घेऊ नये. माणसात चालतं का आणि किती मात्रा लागेल, हे अजून ठाऊक नाही. ज्यांनी शोध लावला तेच हात आडवा धरतायत, ही गोष्ट दादाला जरूर दाखवा. वेलर यांचं नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहेत.

फ्लुऑक्सेटिनचाही स्वतंत्र शोधनिबंध आहे, तेही सांगून टाकते, नाहीतर दादा उद्या तो शोधून आणेल. २०२१ मध्ये पॉल मिशेल यांच्या गटाने दाखवलं की ग्लायोब्लास्टोमाच्या पेशींच्या पडद्यातल्या चरबीचं गणित फ्लुऑक्सेटिन बिघडवतं आणि टेमोझोलोमाइडबरोबर दिलं तर उंदरांतल्या गाठींवर त्याचा परिणाम होतो. म्हणजे तुमच्या हातातली गोळी अगदीच आगंतुक नाही. पण तेही उंदीरच.

मनाच्याच औषधांकडे कर्करोगवाले का वळतात, याचं उत्तर मेंदूच्या रचनेत आहे. रक्तातून मेंदूत काय जाऊ द्यायचं यावर शरीराचा फार कडक पहारा आहे, आणि केमोची बहुतेक औषधं तिथेच अडतात. मनाच्या औषधांचा धंदाच मुळी तो पहारा ओलांडण्याचा. ती चरबीत सहज विरघळतात, मेंदूत साचतात, पेशींच्या पोटातल्या कचरा पचवणाऱ्या पिशव्यांत जाऊन बसतात. कर्करोगाच्या पेशी त्या पिशव्यांवर नेहमीच्या पेशींपेक्षा जास्त अवलंबून असतात. शिवाय यातली बरीच औषधं कित्येक दशकं माणसांच्या पोटात गेलेली, म्हणजे त्यांचे गुणदोष माहीत. कल्पना वेडगळ नाही, उलट फार शहाणी आहे.

आणि आमच्या शाखेला तर असं घर बदलणं नवीन नाहीच. नैराश्यावरचं पहिलं औषध, इप्रोनियाझिड, हे क्षयरोगाचं औषध होतं. १९५२ च्या सुमारास क्षयाचे रुग्ण ते घेऊन वॉर्डात नको इतके खुशीत दिसायला लागले, तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं. क्लोरप्रोमाझिन भूल देताना मदत म्हणून आलं आणि स्किझोफ्रेनियाचं औषध झालं. उसनवारीवरच आमचं दुकान उभं राहिलंय म्हणा ना.

उलट दिशेने, म्हणजे मनाकडून कर्करोगाकडे, पुरता पोहोचलेला प्रवासी माझ्या माहितीत एकच मोठा आहे, आणि त्याचं नाव ऐकून दचकाल : थॅलिडोमाइड. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत ते शांत झोपेची गोळी म्हणूनच विकायला आलं. गरोदर बायकांनी घेतलं, हजारो मुलं हातपाय न वाढलेली जन्माला आली, १९६१ मध्ये तिथे ते बंद झालं. पुढे नव्वदच्या दशकात मल्टिपल मायलोमाने, म्हणजे अस्थिमज्जेतल्या एका कर्करोगाने, जर्जर झालेल्या एका रुग्णाच्या बायकोने, सगळे उपाय हरल्यावर, ज्युडा फोकमन या संशोधकांना थेट फोन लावला. फोकमन यांनी थॅलिडोमाइड सुचवलं. तिच्या नवऱ्याला त्याचा उपयोग झाला नाही, तो गेला. पण त्यानंतर ज्याला दिलं त्या रुग्णात आश्चर्यकारक फरक पडला, मग ८४ रुग्णांवर रीतसर अभ्यास झाला, १९९९ मध्ये छापून आला, सुमारे एकतृतीयांश लोकांना प्रतिसाद मिळाला होता. २००६ मध्ये अमेरिकेत मायलोमासाठी मान्यता मिळाली. आज ते आणि त्याची भावंडं या आजाराच्या उपचारातलं नेहमीचं नाव आहे. ही गोष्ट तुम्हाला मुद्दाम सांगतेय. त्या बाईने जे केलं ते तुमच्यासारखंच, हाती येईल तो धागा पकडणं. फक्त तिने ते मोठ्या आवाजात, डॉक्टरांना विचारून केलं, म्हणून तिच्या नवऱ्याला झाला नाही तो फायदा पुढच्यांना मोजता आला.

आता डायसल्फिराम. दारू सुटावी म्हणून आम्ही देतो ते. १९७७ साली छापलेली एक हकिकत आहे. स्तनाचा कर्करोग हाडांत पसरलेली एक बाई खूप प्यायला लागली. डॉक्टरांनी कर्करोगाचे उपचार थांबवले आणि दारूसाठी डायसल्फिराम सुरू केलं. ती पुढे कित्येक वर्षं जगली आणि गेली ती नशेत खिडकीतून पडून. शवविच्छेदनात हाडांतल्या गाठी जवळजवळ विरलेल्या, मज्जेत थोड्याशा कर्करोगाच्या पेशी उरलेल्या. अशी गोष्ट वाचली की अंगावर काटा येतो, माझ्याही आला होता. २०१७ मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात मोठा अभ्यास आला. हे औषध पेशीत नेमकं कुठे धरतं ते सापडलं, आणि डेन्मार्कच्या नोंदींत असं दिसलं की कर्करोग झाल्यावरही डायसल्फिराम चालू ठेवलेल्या ११७७ जणांत कर्करोगाने मरण्याचं प्रमाण ते सोडलेल्यांपेक्षा ३४ टक्क्यांनी कमी होतं. हकिकत होती, यंत्रणा सापडली, आकडे जुळले. आणखी काय हवं?

चाचणी हवी होती. ती स्वीडन आणि नॉर्वेत झाली, गाठ परत आलेल्या ग्लायोब्लास्टोमाच्या ८८ रुग्णांवर. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी केली. अर्ध्यांना नुसती केमो, अर्ध्यांना केमोबरोबर डायसल्फिराम आणि तांबं. २०२३ मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनी जिवंत होते ते नुसत्या केमोत ५५ टक्के आणि डायसल्फिरामवाल्यांत ४४ टक्के. हा फरक इतक्या थोड्या लोकांत योगायोगानेही पडू शकतो, पण फायदा नाही हे उघड होतं. गंभीर त्रास मात्र नुसत्या केमोत ११ टक्के, डायसल्फिरामवाल्यांत ३४ टक्के.

मग डेन्मार्कच्या आकड्यांत काय दिसलं होतं? अशा नोंदींत एक चकवा बसलेला असतो, तो एकदा कळला की बातम्या वाचायची सवयच बदलते. समजा शंभर रुग्ण आहेत. त्यातले वीस पहिल्या तीन महिन्यांतच गेले. उरलेल्यांतल्या काहींना चौथ्या महिन्यात एखादी गोळी सुरू झाली. वर्षाने हिशेब मांडला तर गोळी घेणारे जास्त जगलेले दिसणारच, कारण गोळीपर्यंत पोहोचायलाच त्यांना आधी तीन महिने जगावं लागलं. गोळीने त्यांना जगवलं नाही, जगले म्हणून गोळी मिळाली. औषध चालू ठेवणाऱ्यांचंही तसंच. जो अंथरुणाला खिळला तो दारू सोडवायची गोळी बंद करतो. जो बरा आहे तो घेत राहतो. संशोधक हा चकवा हिशेबातून काढायचा प्रयत्न करतात, पण तो पूर्ण निघेलच याची हमी नसते.

व्हॅल्प्रोएटचा किस्सा तर तुमच्या बाबांच्या आजाराचाच आहे. फिट्सवर आणि बायपोलर आजारात वापरतात ते औषध. प्रयोगशाळेत ते कर्करोगाच्या पेशींतली बंद पडलेली जनुकं उघडतं असं २००१ च्या सुमारास कळलं. मेंदूच्या गाठीच्या रुग्णांना तसंही ते फिटसाठी मिळतच होतं, त्यामुळे २०११ मध्ये एका मोठ्या चाचणीच्या नोंदी उलगडून पाहिल्या तेव्हा व्हॅल्प्रोएट घेणारे टेमोझोलोमाइडवर जास्त जगलेले दिसले. त्या निबंधाचे पहिले लेखक वेलर, तेच झुरिचवाले. आशा पसरली, काही डॉक्टरांनी दुसरं चांगलं औषध असताना मुद्दाम व्हॅल्प्रोएट निवडायला सुरुवात केली. मग २०१६ मध्ये चार चाचण्यांतल्या १८६९ रुग्णांच्या नोंदी एकत्र केल्या गेल्या. फायदा नाही. या दुसऱ्या निबंधाच्या लेखकांतही वेलर आहेत. स्वतःच लावलेला दिवा स्वतःच विझवणारा माणूस २०२४ मध्ये ‘आपल्या मनाने घेऊ नका’ म्हणतो, तेव्हा त्यामागे अनुभव असतो.

फुफ्फुसाच्या एका कर्करोगावर नैराश्यावरची जुनी ट्रायसायक्लिक औषधंही अशीच उंदरांत चालली होती. माणसांतली चाचणी सहा जणांतच आटोपली : कुणालाच फायदा नाही, एकाला भास, एकाला फिट.

दादाचं ‘कंपन्या दडपतात’ हे अर्धं खरं आहे. पेटंट संपलेल्या औषधावर कोट्यवधींची चाचणी करण्यात कंपनीला रस नसतो, आणि त्यामुळे काही चांगल्या कल्पना खरोखर वर्षानुवर्षं पडून राहतात. मला याचा राग येतो. पण वर सांगितलेल्या चाचण्या झाल्या त्या याच स्वस्त औषधांच्या. दडपलं कुणी नाही. औषधं हरली.

आता ‘काय बिघडेल?’ याकडे येते.

काचेच्या बशीत पेशींवर औषध घालताना संशोधक हवं तेवढं घालू शकतो. वीस मिलिग्रॅमच्या गोळीने रक्तात जी पातळी येते तिच्या कितीतरी पट अशा प्रयोगांत अनेकदा वापरलेलं असतं. म्हणजे आईच्या एका गोळीने गाठीचं काही होणं अवघड, आणि त्रास मात्र त्या एका गोळीनेही होऊ शकतो. आईला काही झालं नाही, कारण आई डेक्सामेथासोन आणि टेमोझोलोमाइड घेत नाही. टेमोझोलोमाइडने प्लेटलेट घटतात. फ्लुऑक्सेटिन उरलेल्या प्लेटलेटना रक्त थांबवायच्या कामात ढिलं करतं. डेक्सामेथासोनने जठराला आधीच इजा होत असते. तिघं एकत्र आले तर पोटात रक्तस्राव व्हायची शक्यता वाढते. आणि फ्लुऑक्सेटिन थांबवलं की दुसऱ्या दिवशी निघून जात नाही. शरीरातून पुरतं जायला पाचेक आठवडे धरतात. उद्या गाठ वाढली आणि डॉक्टरांनी प्रोकार्बाझिन असलेली केमो काढली, तर या दोघांचं पटत नाही. डॉक्टरांना माहीतच नसेल तर ते थांबणार कसे?

एक प्रसंग सांगते. नाव-गाव नाही. साठीतले गृहस्थ, मेंदूत गाठ, उपचार चालू. अचानक झोपाळले, मग असंबद्ध बोलायला लागले, मुलाला भाऊ समजायला लागले. सगळ्यांनी गृहीत धरलं की गाठ वाढली. एमआरआय तातडीने केला, गाठ होती तेवढीच. घरच्यांना आम्ही ‘मनाची तयारी ठेवा’ असं म्हणूनही झालं होतं. रक्त तपासलं तर सोडियम ११८, म्हणजे असायला हवं त्याच्या खूप खाली. कशाने, ते सापडेना. तिसऱ्या दिवशी सुनेने पर्समधून नैराश्याच्या गोळ्यांची अर्धी संपलेली स्ट्रिप काढून टेबलावर ठेवली आणि रडायला लागली. कुणीतरी सांगितलं होतं, गाठीवर चालते. या गोळ्यांनी सोडियम घसरतं, उतारवयात जास्तच. गोळी बंद केली, सोडियम हळूहळू वर आणलं, आठवड्याने गृहस्थ मुलाला नावाने हाक मारायला लागले. त्या गोळीने जेवढं नुकसान केलं त्यापेक्षा ती लपवल्याने जास्त केलं. फाइलवर लिहिलेली असती तर पहिल्या तासात कळलं असतं.

मावशी. टॅमॉक्सिफेन जसंच्या तसं फारसं काम करत नाही. यकृतात एक एन्झाइम त्याचं एंडॉक्सिफेन बनवतं, आणि खरा मार ते देतं. फ्लुऑक्सेटिन आणि नैराश्यावरचंच पॅरॉक्सेटिन नेमकं तेच एन्झाइम अडवतात. २०१० मध्ये कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या २४३० स्त्रियांचा अभ्यास आला होता : टॅमॉक्सिफेनबरोबर पॅरॉक्सेटिन जितका जास्त काळ घेतलं, तितका स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू येण्याचा धोका जास्त. पुढच्या काही अभ्यासांत इतका ठळक परिणाम दिसला नाही, पण दुसरी औषधं हाताशी असताना हा जुगार कुणी खेळत नाही. म्हणजे कर्करोग बरा करेल म्हणून तुम्ही जी गोळी सुचवणार होता, तीच मावशीच्या कर्करोगाच्या औषधाचे पाय ओढते. आणि मावशी आधीच मनाची एखादी गोळी घेत असेल तर नाव विचारून घ्या. या दोनपैकी निघाली तर घाबरवू नका, एकदम बंदही करायला लावू नका. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची औषधं दाखवायला सांगा. बदलून देता येते.

खरं तर तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं, आणि ते झुरिचबद्दल नव्हतं. रात्र रात्र जागणं, अंगावर येणं, दिवसा भिंतीकडे तोंड करणं. गाठीसाठी मनाची गोळी शोधताना बाबांच्या मनाकडे मात्र कुणी पाहिलेलं दिसत नाही.

डेक्सामेथासोन संध्याकाळी घेतलं की झोप उडते. ज्यांना उडते त्यांची ठार उडते. संध्याकाळचा डोस दुपारी घेता येईल का, एवढं साधं विचारा. कित्येकांची रात्र तेवढ्यानेच परत येते. स्वतःहून कमी किंवा बंद मात्र करू नका, ते अचानक थांबवणं धोक्याचं असतं. चिडचिड डेक्सामेथासोनने होते, आणि लेव्हेटिरासिटामनेही बऱ्याच जणांची होते. कधी न ओरडलेला माणूस ताट भिरकावतो, आणि घरच्यांना वाटतं आजाराने स्वभाव बदलला. फिटचं दुसरं औषध मिळू शकतं. दिवसा पडून राहणं हे नैराश्य असेल, रेडिएशननंतरचा थकवा असेल, किंवा गाठ कपाळामागच्या भागात असेल तर इच्छाच मावळण्याचा तिचा परिणामही असेल. तिन्ही बाहेरून सारखी दिसतात. वेगळं करायला कुणीतरी बाबांशी अर्धा तास बसून बोलावं लागतं, तुम्ही बाहेर थांबलेल्या असताना.

आणि नैराश्य निघालं तर त्यांना कदाचित आईच्याच जातीची गोळी मिळेल. बघा, काय गंमत आहे. पण ती त्यांच्या फाइलवर असेल, सोडियम आणि प्लेटलेट बघून दिलेली असेल, बाकीच्या औषधांशी जुळवून निवडलेली असेल. कर्करोगात मनाच्या औषधांचं जे काम पक्कं झालंय ते असंच, बाजूने चालणारं आहे. ओलान्झापिन घ्या. मूळचं स्किझोफ्रेनियाचं. केमोच्या उलट्यांवर ते चालतं हे ३८० रुग्णांच्या चाचणीत २०१६ मध्ये दिसलं आणि आता ते जगभर वापरात आहे. २०२३ मध्ये तर भारतातल्याच १२४ रुग्णांच्या चाचणीत अडीच मिलिग्रॅम इतक्या किरकोळ मात्रेने भूक परत आली. पाच टक्क्यांहून जास्त वजन वाढलेले लोक ओलान्झापिनवाल्यांत ६० टक्के, औषध नसलेली, नुसती दिसायला तशीच गोळी घेणाऱ्यांत ९. त्यात मेंदूच्या गाठीचे रुग्ण नव्हते, म्हणून हेही आपल्या मनाने नाही. पण मथळ्यात न येणारं हे काम रोजच्या जगण्यात किती फरक करतं, ते मी वॉर्डात बघते.

डॉक्टर हसतील ही भीती. काही हसतात, खोटं कशाला बोलू. पण प्रश्न कसा विचारला यावर पुष्कळ असतं. बातमी पुढे करून ‘हे द्याल का?’ म्हटलं की ते नाही म्हणतील आणि विषय संपेल. त्याऐवजी कागदावर बाबांची सगळी औषधं वेळेसकट लिहून न्या. आधी झोप, चिडचिड आणि पडून राहणं सांगा. मग म्हणा की आम्ही व्हॉर्टिऑक्सेटिनबद्दल वाचलंय, बाबा ज्यात बसतील अशी एखादी चाचणी कुठे चालू आहे का, आणि नसेल तर मन सांभाळायला मनोविकारतज्ज्ञांकडे चिठ्ठी द्याल का. चाचणीत जायची वेळ आली तर संमतिपत्र घरी आणून वाचा; खऱ्या चाचणीत तपासायच्या औषधाचे पैसे मागत नाहीत, आणि कधीही बाहेर पडता येतं. ‘जुन्या औषधांचं खास मिश्रण’ म्हणून महिन्याचं पॅकेज विकणारा भेटला तर तो चाचणी करत नाहीये, दुकान चालवतोय.

दादाला हे सगळं वाचायला द्या, त्याच्यावर चिडू नका. रात्री तीन वाजता बाप जागा असताना मुलगा मोबाइलवर दुसरं काय शोधणार.

आणि त्या दहा गोळ्या आजच आईच्या स्ट्रिपजवळ ठेवा, आणि काढल्या होत्या हे तिला सांगा. नाहीतर तिची महिनाअखेर दहा दिवस आधी येईल, आणि सहा वर्षं घेतलेली गोळी अशी मध्येच तुटली तर कदाचित घरात दोन माणसं जागी राहतील.